अँडोरा: एका दरीचे दोन राजे, हा कारभार सातशे वर्षं चालला कसा?

वळचण (प्रश्न)

पिरेनीज पर्वताच्या कण्यावर, फ्रान्स आणि स्पेनच्या बेचक्यात अँडोरा आहे. क्षेत्रफळ ४६८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा तालुक्याएवढं. राजे मात्र दोन. एक स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप, दुसरा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. दोघांपैकी कुणीही तिथे राहत नाही आणि कुणालाही ती गादी बापाकडून मिळालेली नाही.

१२७८ च्या तहाचा उल्लेख सगळीकडे सापडतो, पण त्यात नक्की काय ठरलं ते कुणी उलगडून सांगत नाही. म्हणून मुद्देसूद विचारतो.

१) बिशपचं समजू शकतो, पण डोंगरापलीकडचा फ्रेंच सरदार यात आला कुठून?
२) १२७८ ला वाटलं काय? जमीन, कर की न्यायदान?
३) राज्यक्रांतीत फ्रान्सचा राजाच गेला. मग त्याचा अर्धा वाटा कुणाकडे गेला?
४) नेपोलियनच्या हातून हा मुलूख सुटला कसा? आणि आज तिथल्या कायद्यावर सही कुणाची लागते?

सन आणि अटी कळल्या तर फार बरं होईल.

---

दप्तरदार

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

सुरुवात ९८८ पासून धरा. त्या वर्षी उर्जेलचा काउंट दुसरा बोरेल याने अँडोराच्या दऱ्या उर्जेलच्या बिशपला दिल्या आणि बदल्यात सेर्दान्या भागातली जमीन घेतली. बिशपकडे मुलूख आला, पण तो राखायला शिबंदी नव्हती. म्हणून पुढे शेजारच्या कबोएत घराण्याला संरक्षणाच्या बोलीवर अँडोरात हक्क देण्यात आले. इथून पुढची हकिगत लग्नांची आहे. कबोएतची वारस आर्नाल्दा हिचं ११८५ मध्ये कास्तेल्बोच्या आर्नाउशी लग्न झालं. त्यांची मुलगी एर्मेसेंदा १२०८ मध्ये फ्वाच्या घराण्यात सून म्हणून गेली. फ्वा म्हणजे पिरेनीजच्या उत्तर उतारावरचं बलाढ्य सरदार घराणं. राखण करायला ठेवलेल्या घराचे हक्क दोन पिढ्यांत अशा माणसाकडे गेले, ज्याच्यापुढे बिशपचंच काही चालेना.

मग भांडण जुंपलं आणि ते पुढच्या पिढ्यांतही चालू राहिलं. शेवटी काउंट तिसरा रोजे-बेर्नार आणि बिशप पेरे द उर्च यांच्यात अरागोनचा राजा पेरे याच्या मध्यस्थीने ८ सप्टेंबर १२७८ रोजी लेइदा इथे तह झाला. अशा तहाला तिकडे 'पारेआत्जे' म्हणतात. दोन धन्यांनी एका मुलखावर जोडीने हक्क चालवायचा करार, असा त्याचा अर्थ. १२८२ मध्ये पोप चौथा मार्टिन याने त्याला मान्यता दिली.

आता अटी. जमीन वाटलीच नाही. अलीकडची दरी तुझी, पलीकडची माझी, असं सरसनिरस वाटप कुठेही नाही. वाटली ती उत्पन्नं आणि अधिकार, आणि प्रत्येकाची वाटणी वेगळ्या पद्धतीने.

कराचं नाव 'केस्तिया'. तो वर्षाआड घ्यायचा, म्हणजे एका वर्षी बिशपने, पुढच्या वर्षी काउंटने. बिशपच्या वर्षी वसुलीला मर्यादा होती, ४,००० सू (तेव्हाचं नाणं). काउंटच्या वर्षी मर्यादा नव्हती, त्याला वाटेल तेवढं घ्यावं. इथे काउंटचं पारडं जड.

न्यायदान दोघांच्या नावाने. प्रत्येकाचा एक 'बाल्ले', म्हणजे कारभारी-न्यायाधीश. दंडाची आणि न्यायालयीन शुल्काची जी रक्कम येईल तिचे चार भाग करायचे. तीन काउंटला, एक बिशपला. इथेही काउंटच वरचढ.

फौज दोघांनाही बोलावता येई, पण एकमेकांविरुद्ध लढायला अँडोराची माणसं न्यायची नाहीत. ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. धन्यांचं भांडण झालं तरी दरी त्यातून बाहेर राहणार, याची ती पहिली लेखी हमी होती.

आणि या सगळ्याच्या बदल्यात बिशपला काय मिळालं? मान. काउंटने आपला अँडोरातला हक्क बिशपचा मांडलिक म्हणून धारण करायचा. पैसा एकीकडे झुकला आणि दर्जा दुसरीकडे, म्हणूनच दोघांनीही सही केली.

तरी दहा वर्षांत पुन्हा कुरबूर झालीच. काउंटने सांत विसेन्स द एन्क्लारच्या टेकाडावर किल्ला बांधायला काढला. ते ठिकाण अशा जागी आहे की तिथून दरीचं दक्षिणेकडचं तोंड अडवता येतं. एकाने किल्ला बांधला की जोडीचा हक्क कागदावरच उरणार, हे उघड होतं. म्हणून ६ डिसेंबर १२८८ रोजी दुसरं पारेआत्जे झालं. त्यात ठरलं की दोघांच्या संमतीशिवाय अँडोरात किल्ला बांधायचा नाही, आणि दस्त लिहिणारा नोटरी दोघांनी मिळून नेमायचा. दस्तलेखक एकाचा असता तर प्रत्येक खरेदीखतात त्याच्या धन्याचं नाव पुढे सरकत गेलं असतं.

आपल्याकडे याला जवळचा शब्द 'दुअंमल'. कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी आणि मराठे यांच्यात काही महालांचा वसूल असा वाटून घेतला जाई. फरक एवढाच की आपल्याकडचा दुअंमल दोन फौजांच्या ओढाताणीत राहिला, आणि अँडोराचा १२८८ नंतर किल्ल्याविना राहिला.

---

घाटपांदी

दप्तरदार, उत्तम मांडलंत. त्याला भूगोलाची जोड देतो, कारण तहाच्या अटी त्याच्याशिवाय नीट कळत नाहीत.

अँडोराचा नकाशा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा आहे. उत्तरेकडची वालिरा आणि पूर्वेकडची वालिरा या दोन नद्या एस्काल्देसला मिळतात आणि एकच नदी दक्षिणेला वाहत ला सेऊ द उर्जेल या बिशपच्या गावाकडे जाते. पाणी जिकडे वाहतं तिकडेच बाजार, चर्च आणि बोली. फ्रान्सकडे जायला एन्वालिराची खिंड चढावी लागते, उंची २,४०८ मीटर. हिवाळ्यात ती बर्फाने बंद. मोटाररस्ताही आधी दक्षिणेकडून आला, १९१३ मध्ये. फ्रान्सकडचा रस्ता पुरा व्हायला १९३० चं दशक उजाडलं.

म्हणजे बिशप पायथ्याशी बसलेला आणि काउंट खिंडीपलीकडे. एकाला पोचणं सोपं पण ताकद कमी, दुसऱ्याला ताकद भरपूर पण अर्धं वर्ष वाट बंद. गावकऱ्यांनी याच फटीत स्वतःचा कारभार उभा केला.

जुने परगणे सहा: कानिल्यो, एन्काम्प, ओर्दिनो, ला मसाना, अँडोरा ला वेया आणि सांत जुलिया द लोरिया. तिकडे त्यांना 'पारोकिया' म्हणतात. सातवा, एस्काल्देस-एन्गोर्दान्य, थेट १९७८ मध्ये वेगळा झाला. कुरणं, जंगल, पाणी यांचे निर्णय परगण्याच्या सभेत व्हायचे. १४१९ मध्ये दोन्ही धन्यांनी सगळ्या परगण्यांची मिळून एक सभा भरवायला परवानगी दिली, 'कोन्सेल द ला तेर्रा', म्हणजे भूमीची सभा. आजची संसद तिचीच वंशज. मागणीचं कारण अगदी व्यवहारी होतं. दोन धन्यांचे दोन अधिकारी आले की त्यांच्याशी एका तोंडाने बोलणारं कुणीतरी हवं होतं.

या सभेने १७०२ मध्ये बुस्केत्स घराण्याचा १५८० च्या सुमाराचा दगडी वाडा विकत घेतला, तो 'कासा द ला वाल'. २०११ मध्ये शेजारी नवी इमारत होईपर्यंत संसद तिथेच भरत होती. त्या वाड्यातलं कपाट पाहण्यासारखं आहे. जुने दस्त ठेवायच्या या लाकडी कपाटाला सहा कुलपं होती, प्रत्येक परगण्याची एक किल्ली. सहाही परगण्यांचे प्रतिनिधी हजर असल्याशिवाय कपाट उघडायचंच नाही. सातवा परगणा झाला तेव्हा सातवं कुलूप आलं. एका परगण्याला फितवून दस्त पळवणं किंवा त्यात फेरफार करणं अशक्य व्हावं, ही त्यामागची योजना.

१७४८ मध्ये आन्तोनी फितेर इ रोसेल या कायदेपंडिताने सभेसाठी एक हस्तलिखित ग्रंथ तयार केला. त्यात हक्क, सनदा, रूढी आणि कारभाऱ्यांसाठी सूचना एकत्र केल्या आहेत. कुठला हक्क कुठल्या कागदावर उभा आहे हे एका जागी सापडावं, हा हेतू. तोही त्याच कपाटात ठेवायचा.

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. कारभार मोजक्या घरंदाज कुटुंबांच्या हातात होता. १८६६ च्या सुधारणेने प्रत्येक घराच्या कुटुंबप्रमुखाला मत मिळालं आणि २४ जणांची सभा, परगण्यामागे चार, अशी घडी बसली. धाकटे भाऊ आणि बायका त्यातूनही बाहेरच राहिल्या. तिथे घर आणि शेत थोरल्याकडे अखंड जायचं, त्यामुळे धाकट्यांना बाहेर पोट भरायला जावं लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अख्ख्या देशाची वस्ती पाच-सहा हजारच होती.

---

वळचण

दोघांचेही आभार. एक शंका. फ्रँक सम्राट शार्लमेनने, मूर लोकांविरुद्ध (स्पेनमधल्या मुसलमान सत्तेविरुद्ध) मदत केली म्हणून, अँडोराला सनद दिली, असंही वाचलं. ती सनद त्या कपाटात आहे का?

---

दप्तरदार

त्या सनदेवर भिस्त ठेवू नका. शार्लमेनच्या नावाचा जो कागद दाखवतात तो पुष्कळ नंतर रचलेला आहे, असं अभ्यासकांचं मत आहे. राष्ट्रगीतात मात्र शार्लमेनच आहे, त्यामुळे कथा जिवंत राहिली. कथेचा उपयोगही होता. आपला हक्क बिशप आणि काउंट या दोघांच्याही आधीचा आहे, असं सांगायची ती सोय होती. कागदांचा भक्कम आधार नवव्या शतकापासून मिळू लागतो. ८४३ मध्ये टकल्या चार्ल्सने अँडोराच्या दऱ्या उर्जेलच्या काउंटला दिल्या, आणि त्यानंतर ९८८ ची अदलाबदल.

---

मोडीवाचक

तिसरा आणि चौथा प्रश्न घेतो.

फ्वाच्या काउंटचा वाटा फ्रान्सच्या राजाकडे जिंकून गेलेला नाही, तोही वारशाने गेला. फ्वाचं घराणं १४७९ मध्ये पिरेनीजमधल्याच नवार राज्याच्या गादीवर आलं. त्याच वंशातला नवारचा तिसरा हेन्री १५८९ मध्ये फ्रान्सचा चौथा हेन्री झाला. त्याने १६०७ च्या फर्मानाने आपली खाजगी वतनं फ्रान्सच्या गादीला जोडली. तेव्हापासून अँडोराचा अर्धा वाटा 'जो फ्रान्सचा प्रमुख असेल त्याचा' झाला. हे शब्द नीट लक्षात ठेवा, १७९३ नंतरचा सगळा पेच यांच्याभोवतीच फिरतो.

मधल्या काळात धोका आलाच नाही असं नाही. १३९६ आणि १५१२ अशी दोनदा अरागोनच्या राजाने काउंटचा वाटा थोड्या काळासाठी ओढून घेतला. दोन्ही वेळा बिशपचा वाटा जागेवर होता, त्यामुळे दरी अख्खी गिळली गेली नाही.

शेजारी काय झालं ते पाहिलं की जोडीच्या हक्काची किंमत कळते. १६५९ च्या पिरेनीजच्या तहात लगतचं सेर्दान्या खोरं फ्रान्स आणि स्पेन यांनी मधोमध चिरलं. ३३ गावं फ्रान्सला गेली. यिव्हिया मात्र 'गाव' नसून 'नगर' आहे, असा मुद्दा काढून स्पेनने ते राखलं, आणि आजही ते चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं स्पॅनिश ठाणं आहे. सेर्दान्याचा धनी एकच होता, म्हणून एका तहात त्याचा सौदा होऊ शकला. अँडोराचा सौदा करायचा तर फ्रान्सच्या राजाला स्वतःचा हक्क सोडावा लागला असता आणि स्पेनला आपल्याच बिशपचा हक्क मोडावा लागला असता. दोघांनाही ते परवडणारं नव्हतं. १७१६ मध्ये स्पेनच्या पाचव्या फिलिपने कातालोनियाच्या जुन्या संस्था आणि कायदे मोडले, तेव्हाही अँडोरा याच कारणाने बचावला. कातालान बोलणाऱ्या मुलखातला जुना कारभार अखंड चालू राहिला तो या एका दरीत.

आता १७९३. अँडोराची माणसं नेहमीप्रमाणे केस्तिया भरायला फ्वाला गेली. क्रांतीच्या अधिकाऱ्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. कारण काय, तर हा सरंजामी कर आहे, आणि सरंजामशाही आम्ही मोडली आहे. वरवर पाहता कर माफ झाला, आनंदच व्हायला हवा. अँडोराच्या सभेला मात्र ती आपत्ती वाटली, आणि त्याची तीन कारणं होती.

एक, करासोबत सवलती बांधलेल्या होत्या. फ्रान्समधून ठरावीक धान्य बिनजकात आणण्याची मुभा १७६७ च्या आदेशाने मिळालेली होती. दरीत पिकतं थोडं, त्यामुळे ही मुभा गेली तर उपासमार. दोन, फ्रेंच बाजूचा 'वेगेर' म्हणजे न्यायाधिकारी नेमलाच गेला नाही, त्यामुळे न्यायाचा अर्धा गाडा थांबला. तीन, आणि हेच मुख्य, केस्तियाची पावती हा जोडीच्या हक्काचा पुरावा होता. ज्याने शेतसाऱ्याच्या पावत्यांवर वहिवाट सिद्ध केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पावती थांबली की वहिवाट थांबली, आणि मग उरला एकच धनी, स्पेनमधला बिशप. एकटा धनी उरला की सेर्दान्यासारखं व्हायला किती वेळ लागतो?

म्हणून तेरा वर्षं अर्ज-विनंत्या चालल्या की आमच्याकडून कर घ्या. शेवटी नेपोलियनने २७ मार्च १८०६ च्या हुकमाने जुनी व्यवस्था पूर्ववत केली. कलमं थोडकी आहेत. आरिएज जिल्ह्यातून (फ्वा याच जिल्ह्यात येतं) एक वेगेर नेमायचा. ९६० फ्रँकची रक्कम आरिएजच्या खजिन्यात भरायची. धान्याची जुनी मुभा चालू. आणि अँडोराच्या तीन प्रतिनिधींनी दरवर्षी आरिएजच्या प्रीफेक्टपुढे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यापुढे, निष्ठेची शपथ घ्यायची. वळचण, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. १७९३ ते १८०६ फ्रान्सचा वाटा बेवारस होता, आणि तो वाटा पुन्हा चालू करायला लावला तो अँडोराच्याच लोकांनी.

'नेपोलियनच्या हातून सुटला' हे मात्र पुरतं खरं नाही. १८१२ मध्ये त्याने कातालोनिया फ्रान्सला जोडून त्याचे चार जिल्हे केले, तेव्हा अँडोरा सेग्र जिल्ह्यात टाकला होता. नेपोलियनची सत्ता कोसळली तसं ते जोडणंही गेलं आणि दोन्ही धनी परत आपापल्या जागी आले. तेव्हाही पारेआत्जे कुणी रद्द केलेलं नव्हतं.

दप्तरदारांच्या मुद्द्याला एक पुरवणी. १२७८ चे तीन-चतुर्थांश, एक-चतुर्थांश हे भाग म्हणजे दंडाच्या रकमेचे हिस्से. कित्येक ठिकाणी त्यावरून 'फ्रान्सचा हक्क तीन भाग, बिशपचा एक' असं छापलेलं दिसतं, ते चूक. सत्ता अविभाज्य होती, हिस्से फक्त पैशाचे.

---

पायरीचा_दगड

विसाव्या शतकाचं थोडं भर घालतो, कारण व्यवस्था मोडायच्या सर्वांत जवळ तेव्हा आली होती.

१९२९ मध्ये जलविद्युत कंपनीला सवलत दिली गेली आणि तिच्यासोबत बाहेरचे कामगार आले, रस्ते आले. कुटुंबप्रमुखापुरतं मत हे तरुणांना असह्य झालं. ५ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी सभेची इमारत ताब्यात घेतली आणि सर्व पुरुषांना मत मागितलं. सभेने ते मान्य केलं, तेव्हा दोन्ही राजांच्या न्यायासनाने सभाच बरखास्त केली. ऑगस्टमध्ये कर्नल बोलारच्या हाताखाली फ्रेंच जांदार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस, आले. म्हणजे जोडीच्या हक्कात प्रत्यक्ष बळ वापरायची वेळ आली तेव्हा ते फ्रान्सचंच होतं. निवडणूक झाली, आणि मत सर्व पुरुषांना मिळालं.

पुढच्याच वर्षी, जुलै १९३४ मध्ये, बोरिस स्कोसिरेफ नावाच्या रशियन निर्वासिताने स्वतःला अँडोराचा 'पहिला बोरिस' जाहीर केलं. काही दिवसांत स्पेनच्या पोलिसांनी त्याला पकडून नेलं. हा किस्सा रंगवून सांगतात, पण त्यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्याने रोख धरला तो नेमका जोडीच्या हक्कावर. दोन परक्या राजांऐवजी एक आपला, अशी त्याची मांडणी होती. १९३६ ते १९४० पुन्हा जांदार्म राहिले, या वेळी स्पेनचं यादवी युद्ध दरीत उतरू नये म्हणून.

स्त्रियांना मत १९७० मध्ये मिळालं, निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क १९७३ मध्ये. त्याच १९७३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोंपिदू आणि बिशप मार्ती अलानिस यांची फ्रान्समधल्या काओर इथे भेट झाली. दोन्ही राजांनी समोरासमोर बसून अँडोराबद्दल बोलायची ही १२७८ नंतरची पहिलीच वेळ मानली जाते. एवढी शतकं सगळं काम प्रतिनिधींमार्फत चालत आलं होतं. फ्रेंच बाजूला हे काम पुढे दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्यांच्या प्रीफेक्टकडे आलं आणि बिशपच्या बाजूला धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याकडे.

न्यायदानातली दुहेरी वाट १९९३ पर्यंत खरीखुरी चालू होती. दिवाणी दावा लावणारा दोन बाल्लेंपैकी एकाकडे जाई. त्यावरचं अपील एका न्यायाधीशाकडे, ज्याची नेमणूक दोन्ही राजे आळीपाळीने करत. त्याच्याही वर जायचं तर एक न्यायालय पेर्पिन्यांला आणि एक ला सेऊ द उर्जेलला. शेताच्या बांधाचा वाद डोंगराच्या कुठल्या बाजूला संपेल हे दावा कुठून सुरू झाला यावर ठरायचं. व्यापार वाढला तसं हे जाचायला लागलं. दोन निकालांत मेळ राहत नसे, आणि कायदा नेमका काय आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नसे.

---

वळचण

आता शेवटचं कोडं उरलं. आज सही कुणाची? आणि केस्तिया अजून भरतात का?

---

मोडीवाचक

केस्तिया १९९३ मध्ये संपली. रकमा शेवटपर्यंत गोठलेल्या होत्या. फ्रान्सच्या प्रमुखाला ९६० फ्रँक, बिशपला ४६० पेसेटा. बिशपला रोकडीबरोबर हॅम, चीज आणि कोंबड्याही दिल्या जात. एवढ्या रकमेत प्रतिनिधीच्या प्रवासाचा खर्चही निघाला नसेल, पण ती चुकवली नाही, कारण वर सांगितलंच. आता देशाच्या अंदाजपत्रकातून दोन्ही राजांच्या कार्यालयांना सारखी रक्कम दिली जाते.

राज्यघटनेवर १४ मार्च १९९३ रोजी जनमत घेतलं, सुमारे ७४ टक्के मतं बाजूने पडली. सार्वभौमत्व अँडोराच्या जनतेकडे आलं आणि दोन्ही राजे मिळून एक राष्ट्रप्रमुखपद झालं. जूनमध्ये फ्रान्स आणि स्पेन यांनी त्रिपक्षीय तहाने या राज्याला मान्यता दिली. २८ जुलै १९९३ रोजी अँडोरा संयुक्त राष्ट्रांचा १८४ वा सदस्य झाला.

सहीची पद्धत अशी. संसदेने कायदा केला की ठरावीक मुदतीत, आठव्या ते पंधराव्या दिवसांत, राजांनी तो मंजूर करायचा. राजांच्या सहीसोबत पंतप्रधानाची किंवा संसदेच्या अध्यक्षाची, म्हणजे 'सिंदिक'ची, प्रतिसही लागते, आणि राजकीय जबाबदारी त्या प्रतिसही करणाऱ्याची. एका राजाला सही करता येत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीने तसं कळवायचं, आणि मग दुसऱ्या राजाची एकट्याची सही पुरते. गर्भपातासारख्या विषयावर बिशपची अडचण होणार हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही. एकटी सही चालते म्हणून वाट मोकळी आहे असं समजू नका. बिशपने पदच सोडायचं ठरवलं तर जोडी मोडेल, आणि घटना त्या जोडीवरच उभी आहे.

सीमा, संरक्षण यांसारख्या विषयांवरच्या तहांत दोन्ही राजांचे प्रतिनिधी वाटाघाटींतही बसतात. घटना न्यायालयात चार सदस्य. प्रत्येक राजाचा एक, संसदेचे दोन.

---

घाटपांदी

जोडीच्या कारभाराचा एक नमुना टपालातही उरला आहे. स्पेनचं टपालखातं तिथे १९२८ मध्ये आलं, फ्रान्सचं १९३१ मध्ये, आणि दोन्ही आजही आहेत. रस्त्यावर टपालपेट्या दोन प्रकारच्या दिसतात. स्पॅनिश पेटीत टाकायच्या पत्राला स्पॅनिश टपालाचं अँडोराचं तिकीट लागतं, फ्रेंच पेटीत टाकायच्या पत्राला फ्रेंच टपालाचं. अदलाबदल केली तर पत्र अडतं, आणि तिकिटं जमवणारे नवखे लोक नेमके इथेच चुकतात, कारण दोन्हींवर नाव अँडोराचंच असतं. देशातल्या देशात पाठवायच्या पत्राला मात्र तिकीट लागत नाही, पेटी कुठलीही असो.

नाण्यांचंही तसंच होतं. स्वतःचं चलन नसल्याने पेसेटा आणि फ्रँक दोन्ही गल्ल्यात ठेवावे लागत. पुढे युरो आला, २०११ मध्ये युरोपीय संघाशी चलनाचा करार झाला, आणि अँडोराची स्वतःची युरो नाणी २०१४ ची आहेत. दोन युरोच्या नाण्यावर राज्यचिन्ह आहे, चार खणांचं. पहिल्यात बिशपचा मुकुट आणि दंड, दुसऱ्यात फ्वाचे उभे पट्टे, तिसऱ्यात कातालोनियाचे उभे पट्टे, चौथ्यात बेआर्नच्या दोन गायी. बेआर्न हे फ्वाच्या घराण्याने लग्नातून मिळवलेलं दुसरं वतन. दप्तरदारांनी सांगितलेली लग्नांची साखळी पुढे कुठवर गेली ते त्या चौथ्या खणात दिसतं.